तारनियंत्रित विमान आणि दाबाखालील इंधनटाकी

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम त्याचे पंख येतात, त्यानंतर त्याचे इंजिन. इंधन साठविणाऱ्या टाकीचा विचार सहसा कोणी करीत नाही. ती पोटात कोठेतरी दडलेली असते आणि तिच्याकडून एवढीच अपेक्षा असते की तिने गळू नये. प्रतिकृती विमाने उडविणाऱ्यांना मात्र असे निष्काळजी राहून चालत नाही. तारांच्या साहाय्याने वर्तुळात उडणाऱ्या लहान विमानाचे इंजिन ऐन कसरतीत बंद पडते तेव्हा दोष इंजिनाचा नसतो; तो बहुधा हातभर तांब्याच्या नळीचा आणि काडेपेटीएवढ्या पत्र्याच्या डब्याचा असतो. ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे प्रकार नेमका उलटा असतो. आडात पुष्कळ असते, पण ते पोहऱ्यात येत नाही. असे का होते आणि त्यावर कोणते उपाय शोधले गेले, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

गोफण आणि विमान

तारनियंत्रित विमानाची रचना समजण्यास सोपी आहे. विमान उडविणारा मनुष्य वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहतो. त्याच्या हातात एक मूठ असते आणि तिच्या दोन टोकांपासून निघालेल्या दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखातून आत जातात. आत बेलक्रँक नावाची एक फिरती पट्टी असते. मनगट वरखाली झुकविले की ही पट्टी फिरते, तिला जोडलेली सळई मागेपुढे सरकते आणि शेपटीवरील एलेव्हेटर हा हलता पृष्ठभाग वर किंवा खाली वळतो. वरून पाहिले असता विमान सामान्यतः घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. तारांच्या लांबीइतकी त्रिज्या असलेला एक अर्धगोल हेच त्याचे सारे आकाश होय.

या पद्धतीला लोकप्रियता मिळवून देण्याचे श्रेय अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या पोर्टलंड शहरातील जिम वॉकर यांना दिले जाते. १९४२ साली त्यांना या नियंत्रणपद्धतीचे एकस्व मिळाले. पुढे १९४७ च्या सुमारास रे आर्डन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि लहान इंजिनांना ठिणगीसाठी लागणारी बॅटरी व गुंडाळी विमानातून वाहून नेण्याची गरज उरली नाही. भारतात हा छंद मुख्यतः राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेमुळे पसरला. ही शाखा १९५० मध्ये सुरू झाली. छात्रांना विमानविद्येची पहिली ओळख प्रतिकृतींच्या द्वारे करून दिली जाते आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरातील स्पर्धांत तारनियंत्रित उड्डाणाला स्थान असते. कलकत्त्यात तयार होणाऱ्या ‘अरोरा’ या छोट्या डिझेल इंजिनांवर भारतातील अनेक मुलांनी आपले पहिले उड्डाण केले.

तारनियंत्रित विमान आणि शेतकऱ्याची गोफण यांचे तत्त्व एकच. गोफणीतील गुंडा हाताभोवती फिरतो तो दोरीच्या ओढीमुळे. दोरी सुटली की तो सरळ रेषेत निघून जातो. विमानाच्या बाबतीतही तारांची ओढ हीच त्याला वर्तुळात वळवीत असते. ही ओढ किती असते याचा हिशेब करून पाहू. कसरतीचे विमान १८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ५.२ सेकंदांत एक फेरी मारते असे धरल्यास त्याचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ७८ किलोमीटर होतो. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की केंद्राकडे असणारे त्वरण मिळते. ते येथे गुरुत्वत्वरणाच्या २.७ पट येते. विमानाचे वजन १२०० ग्रॅम असेल तर तारांवर सव्वातीन किलोग्रॅम वजनाइतका ताण पडतो.

हा ताण हेच उडविणाऱ्याचे विमानावरील एकमेव नियंत्रण होय. विमान डोक्यावर असताना गुरुत्वाकर्षण त्या ताणातून वजा होते. तेथे वेग ताशी ४८ किलोमीटरच्या खाली घसरला तर १८ मीटर त्रिज्येवर केंद्रगामी त्वरण गुरुत्वत्वरणाहून कमी पडते, तारा सैल होतात आणि मनगटाच्या हालचालीला काही अर्थ उरत नाही. त्या क्षणी विमान म्हणजे वरून पडणारा, पुढे फिरते पाते असलेला एक किलोचा दगड असतो आणि त्याच्या बरोबर खाली उडविणारा उभा असतो. इंधनाचा प्रवाह अखंड राहिला पाहिजे असा आग्रह धरावयाचा तो यासाठी. हा प्रश्न केवळ स्पर्धेतील गुणांचा नाही.

टाकीतील इंधन कोठे जाते?

पाण्याने भरलेली बादली दोरीला बांधून गरगर फिरविली तर पाणी सांडत नाही. ते बादलीच्या तळाशी दाबलेले राहते. विमानाच्या टाकीत हेच घडते. विमानाबरोबर फिरणाऱ्या इंधनाला वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूकडे लोटणारे केंद्रोत्सारी बल जाणवते आणि ते गुरुत्वाकर्षणाच्या २.७ पट असल्याने ‘खाली’ या शब्दाचा अर्थच बदलतो. टाकीतील इंधनाच्या दृष्टीने खालची बाजू म्हणजे उजव्या पंखाकडील भिंत आणि वरची बाजू म्हणजे डाव्या पंखाकडील भिंत. म्हणूनच इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड टाकीच्या उजव्या, मागच्या कोपऱ्यात ठेवतात. कसरतीच्या विमानातील पत्र्याची टाकी तर उजवीकडे निमुळती करतात. म्हणजे शेवटचा थेंबही त्या कोपऱ्यात गोळा होतो.

इंजिन हे इंधन घेते कसे? इंजिनाच्या तोंडाशी व्हेंचुरी, अर्थात मध्ये आकसलेली एक नळी असते. आत ओढली जाणारी हवा तेथून वेगाने जाते, त्यामुळे तेथील दाब कमी होतो आणि तिच्यात आडव्या बसविलेल्या फवारनळीच्या छिद्रातून इंधन बाहेर ओढले जाते. छिद्र किती उघडे ठेवावयाचे ते एका बारीक, निमुळत्या सुईने ठरते. इंधन गरजेपेक्षा जास्त आले तर मिश्रण दाट होते, इंजिन अडखळत व धूर ओकत चालते. कमी आले तर मिश्रण विरळ होते, इंजिन क्षणभर जोरात पळते, तापते आणि बंद पडते. इंधनाच्या मोजमापात किती नाजूकपणा आहे हे एका उदाहरणावरून कळेल. सहा-सात मिनिटांच्या उड्डाणात १०० घन सेंटिमीटर इंधन जळते आणि इंजिन मिनिटाला १०,००० फेरे करते असे धरले, तर इंधनाचा एक थेंब सुमारे तीस फेऱ्यांना पुरवावा लागतो.

आता भरलेल्या टाकीचा विचार करू. तिची रुंदी ५ सेंटिमीटर आहे आणि फवारनळी तिच्या मध्यरेषेच्या समोर आहे. उड्डाणाच्या आरंभी इंधनाचा पृष्ठभाग डाव्या भिंतीशी, म्हणजे फवारनळीच्या ‘वर’ असतो. इंधन आपल्या भाराने इंजिनात लोटले जाते. टाकी रिकामी होत जाते तसा पृष्ठभाग उजवीकडे सरकतो, फवारनळीला ओलांडतो आणि तिच्या ‘खाली’ जातो. आता इंजिनाला इंधन केंद्रोत्सारी बलाविरुद्ध वर खेचावे लागते. आरंभापासून शेवटापर्यंत होणारा हा फरक पाण्याच्या ११ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाच्या दाबाइतका असतो. व्हेंचुरीचे शोषण पाण्याच्या ३० सेंटिमीटर स्तंभाइतके आहे असे समजा. मग आरंभी इंधन लोटणारा एकूण दाब साडेपस्तीस आणि शेवटी साडेचोवीस होतो. प्रवाह हा दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे आरंभीचा प्रवाह शेवटच्या प्रवाहापेक्षा वीस टक्क्यांनी अधिक भरतो. जमिनीवर अचूक लावलेली सुई हवेत आरंभी दाट आणि अखेरीस विरळ मिश्रण का देते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

वेगस्पर्धेच्या विमानांत परिस्थिती याहून बिकट असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे या विमानांच्या वर्तुळाची त्रिज्या १७.६९ मीटर असते, म्हणजे नऊ फेऱ्यांत एक किलोमीटर पुरा होतो. ताशी ३०० किलोमीटर वेगाला तेथील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ४० पट होते. टाकी केवळ ३ सेंटिमीटर रुंद असली तरी तिच्या दोन भिंतींमधील दाबाचा फरक पाण्याच्या जवळजवळ एक मीटर स्तंभाइतका येतो. नुसत्या शोषणावर हे इंजिन भागविणे शक्य नाही.

मारिऑतची बाटली

या अडचणीवरील पहिला उपाय सतराव्या शतकातील एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाटलीत सापडतो. एदम मारिऑत यांचे नाव वायूंच्या दाबाच्या नियमामुळे विद्यार्थ्यांना परिचित आहे. मारिऑतच्या बाटलीचे तोंड बुचाने घट्ट बंद असते आणि बुचातून एक नळी आत, तळाच्या जवळपर्यंत गेलेली असते. तळाशी असलेल्या छिद्रातून पाणी बाहेर पडते तेव्हा बाहेरची हवा या नळीतून आत येते व तिच्या खालच्या टोकाशी बुडबुड्यांच्या रूपाने सुटते. त्यामुळे नळीच्या टोकाशी दाब नेहमी वातावरणाइतकाच राहतो. वर पाणी कितीही असो, छिद्रावर पडणारा भार नळीच्या टोकापासूनच मोजला जातो आणि ते टोक एका जागी स्थिर असल्यामुळे धार बदलत नाही. रुग्णालयातील सलाइनच्या काचेच्या बाटलीत हवेची नळी दिली जात असे, तिच्यातही हेच तत्त्व होते. कोंबड्यांना पाणी पाजण्यासाठी उपडे ठेवलेले भांडे त्याच जातीचे.

विमानाच्या टाकीत हे तत्त्व वापरले की तिला युनिफ्लो टाकी म्हणतात. साध्या टाकीत हवेची नळी डाव्या बाजूस, इंधनाच्या पृष्ठभागावर उघडते. युनिफ्लो टाकीत तीच नळी आत वळवून उजव्या भिंतीजवळ, इंधन नेणाऱ्या नळीच्या तोंडापासून सुमारे एक सेंटिमीटर पुढे नेऊन सोडतात. हे अंतर राखावे लागते, नाही तर बुडबुडे थेट इंजिनात जातात. नळीचे बाहेरचे टोक वाऱ्याच्या दिशेने तिरपे कापलेले असते. समोरून येणाऱ्या हवेचा दाबही थोडा हातभार लावतो. वर सांगितलेल्या कसरतीच्या वेगाला तो पाण्याच्या तीन सेंटिमीटर स्तंभाइतका असतो. इंधन भरण्याची नळी मात्र उड्डाणापूर्वी टोपण लावून बंद केलीच पाहिजे. टाकीला दुसरीकडून हवा मिळाली, मग ती टोपणातून असो की डाग निघालेल्या सांध्यातून, तर मारिऑतचे तत्त्व तेथेच संपते आणि टाकी पुन्हा साधी टाकी बनते.

युनिफ्लो टाकीचा लाभ असा की इंजिनाची चाल पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत एकसारखी राहते. तिची मर्यादा अशी की दाबाचा संदर्भबिंदू उजव्या भिंतीशी, म्हणजे फवारनळीच्या ‘खाली’ असतो. तेव्हा इंजिनाला इंधन सतत वर ओढावे लागते. पुरेसे शोषण मिळावे म्हणून व्हेंचुरी अरुंद ठेवावी लागते आणि अरुंद व्हेंचुरीतून हवा कमी जाते. हवा कमी म्हणजे शक्ती कमी. अधिक शक्ती हवी असेल तर व्हेंचुरी रुंद करावी लागेल. मग शोषण घटेल आणि इंधन दुसऱ्या कोणी तरी लोटून द्यावे लागेल. दाबाखालील टाकीची गरज येथे उत्पन्न होते.

दाब देण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग धुराचा. इंजिनाच्या आवाजावर बंधने आली तेव्हा त्याला मफलर बसविणे भाग पडले. मफलरच्या पोकळीत जळालेल्या वायूंचा दाब वातावरणापेक्षा थोडा अधिक असतो. तेथे एक तोटी बसवून सिलिकॉन रबराच्या नळीने ती टाकीच्या हवेच्या नळीला जोडली की तो दाब इंधनावर येतो. या मार्गाने मिळणारा दाब फार नसतो, परंतु त्यात एक सोय आहे. इंजिनाचा जोर वाढला की मफलरमधील दाब वाढतो आणि त्याबरोबर इंधनही अधिक येते. युनिफ्लो टाकीला मफलरचा दाब जोडणे ही कसरतीच्या विमानांतील रूढ व भरवशाची योजना होय.

दुसरा मार्ग क्रँककेसचा. दोन धावांच्या इंजिनात दट्ट्या खाली येतो तेव्हा क्रँककेसमधील मिश्रण दाबले जाते आणि वर जातो तेव्हा तेथे शोषण निर्माण होते. क्रँककेसला बारीक छिद्र पाडून नळी जोडली तर टाकीला दाब व शोषण आळीपाळीने मिळेल. म्हणून मध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप घालतात, किंवा फिरत्या दांड्यातील छिद्र योग्य वेळीच उघडेल अशी रचना करतात. हा दाब मफलरच्या दाबापेक्षा बराच अधिक असतो. त्यासाठी टाकी पूर्णपणे हवाबंद लागते आणि पातळ पत्र्याची टाकी फुगणार नाही याकडे लक्ष द्यावे लागते.

तिसरा मार्ग रबराचा. द्वंद्वाच्या स्पर्धेत दोन विमाने एकाच वर्तुळात परस्परांच्या शेपटीला बांधलेली कागदी फीत कापण्यासाठी झुंजतात. क्षणाक्षणाला त्यांची दिशा बदलते, तेव्हा पत्र्याच्या टाकीत इंधन कोणत्या कोपऱ्यात आहे हे सांगणे कठीण असते. या खेळाडूंनी फाउंटन पेनातील रबरी पिशवी आणि लहान मुलांची चोखणी यांनाच टाकी बनविले. पिचकारीने इंधन आत भरले की रबर फुगते आणि आकुंचनाच्या ओढीने इंधन बाहेर लोटते. आत हवा नसल्यामुळे बुडबुडा नाही, हवेची नळी नाही आणि ‘वर’ व ‘खाली’ यांचा प्रश्नच नाही. फुग्याला तोंडाने फुगवताना आपल्याला आढळते की आरंभीची फुंकर सर्वांत जड जाते, त्यानंतर फुगा सहज वाढतो. रबरी टाकीचा दाब त्यामुळेच उड्डाणाच्या बहुतांश काळात जवळजवळ स्थिर राहतो आणि ती आक्रसत आली की अखेरीस किंचित वाढतो. इंजिन सुरू होईपर्यंत नळीला चिमटा लावून ठेवणे मात्र अनिवार्य असते. चिमटा काढून दिरंगाई केली तर इंधन इंजिनात भरून राहते आणि अशा वेळी पाते जोराने फिरविल्यास आतील दांडा वाकतो. इंधन ही न दाबली जाणारी वस्तू आहे.

दाबाचे गणित

दाब दिल्याने नेमके काय साधते, हे पुन्हा आकड्यांनी पाहू. केंद्रोत्सारी बलामुळे होणारा ११ सेंटिमीटरचा फरक दाब दिल्याने नाहीसा होत नाही. तो तसाच राहतो. परंतु इंधन लोटणारा एकूण दाब ३० ऐवजी २०० सेंटिमीटर झाला तर आरंभी दोनशे साडेपाच आणि शेवटी एकशे साडेचौऱ्याण्णव एवढाच फरक उरतो. वर्गमूळ घेतल्यास प्रवाहातील तफावत तीन टक्क्यांच्या आत येते. लहान खोट मोठ्या रकमेत बुडून जावी, तसे हे आहे.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. दाब जितका अधिक तितके सुईचे छिद्र बारीक ठेवावे लागते. छिद्र बारीक झाले की धुळीचा एक कण उड्डाण संपवू शकतो. म्हणून इंधन गाळून घेणे, नळीत जाळीची गाळणी बसविणे आणि टाकी डाग देताना आत राहिलेले कथलाचे कण धुऊन काढणे या गोष्टी दाबाच्या टाकीत ऐच्छिक राहत नाहीत. शिवाय पूर्वी इंधनाच्या पातळीवर अवलंबून असलेले मिश्रण आता दाबाच्या स्थिरतेवर अवलंबून असते. नळीचा एक सांधा सैल झाला तर सुईची सगळी मांडणी व्यर्थ होते.

टाकीची उंची हा आणखी एक मुद्दा. सात मीटर त्रिज्येचा गोल फेरा घेताना विमानावर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे सात पट त्वरण येते आणि ते पंखांच्या पातळीशी काटकोनात असते. टाकी फवारनळीपेक्षा एक सेंटिमीटर उंच बसविली असेल तर आतल्या फेऱ्यात मिश्रण दाट होईल व उलट्या फेऱ्यात विरळ. परीक्षा सोपी आहे. विमान सुलट उडताना आणि उलटे उडताना एका फेरीला लागणारा वेळ मोजावा. उलट्या उड्डाणात ते अधिक वेगाने फिरत असेल तर मिश्रण तेथे विरळ होत आहे. टाकी थोडी खाली घ्यावी. सुलट उड्डाणात वेग अधिक असेल तर टाकी वर उचलावी. दोन्ही वेळा सारख्या येईपर्यंत हे करीत राहावे.

फेस हा टाकीचा छुपा शत्रू होय. इंजिनाच्या कंपनाने इंधनात बुडबुडे होतात आणि त्यांच्याबरोबर मिश्रण क्षणोक्षणी विरळ होते. टाकी लाकडावर थेट न आवळता मऊ स्पंजावर बसविल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो.

वेलचेरीची हवा आणि पुण्याची हवा

एका गावी बिनचूक चालणारे विमान दुसऱ्या गावी का बिघडते, हा प्रश्न स्पर्धेसाठी प्रवास करणाऱ्या छात्रांना नेहमी पडतो. चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरीचे उदाहरण घेऊ. आयआयटी मद्रासच्या परिसराला लागून असलेली ही वस्ती समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर आहे आणि पळ्ळिकरणैची पाणथळ जमीन तिला खेटून आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. या उंचीमुळे पुण्यातील हवेचा दाब वेलचेरीपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो. तापमान सारखे असेल तर वेलचेरीत इंजिनाच्या प्रत्येक श्वासात त्याच प्रमाणात अधिक हवा जाते.

पुण्यात लावलेली सुई तशीच ठेवून विमान वेलचेरीत उडविले तर काय होईल? टाकी साधी, शोषणावर चालणारी असेल तर दाट हवेमुळे व्हेंचुरीतील शोषणही सहा टक्क्यांनी वाढते आणि इंधनाचा प्रवाह वर्गमुळाच्या नियमाने तीन टक्क्यांनी वाढतो. हवा सहा टक्के वाढली, इंधन तीन टक्के; मिश्रण तीन टक्के विरळ झाले. रबरी टाकीची गोष्ट वेगळी. तेथील दाब रबराच्या ताणावर अवलंबून असतो, त्याला बाहेरच्या हवेची दाद नसते. इंधन वाढत नाही, हवा तेवढी वाढते, आणि मिश्रण जवळजवळ पूर्ण सहा टक्के विरळ होते. जी टाकी उलटसुलट कसरतीला सर्वांत कमी बधते तीच गाव बदलताच सर्वांत अधिक चुकते, हा विरोधाभास ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

किनाऱ्यावरील दमटपणा या हिशेबात थोडी दुरुस्ती करतो. ३२ अंश सेल्सिअस तापमान आणि सत्तर टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेत सुमारे तीन टक्के भाग पाण्याच्या वाफेचा असतो आणि तेवढा प्राणवायू कमी मिळतो. त्यामुळे विरळपणा काहीसा भरून निघतो. परंतु ही दमट हवा दुसऱ्या मार्गाने त्रास देते. ग्लो इंजिनाच्या इंधनातील मिथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. डबा अर्धवट भरलेला व सैल झाकणाचा राहिला तर त्यातील इंधन हळूहळू पाणचट होते आणि सुई कितीही फिरविली तरी इंजिन नीट चालत नाही. इंधनाचे डबे लहान असावेत, भरलेले असावेत आणि झाकणे घट्ट असावीत.

सावधगिरी

आंतरराष्ट्रीय वेगस्पर्धेत वापरले जाणारे इंधन म्हणजे ८० भाग मिथेनॉल आणि २० भाग एरंडेल. एरंडेल हा आपल्या घरोघरी ठाऊक असलेला पदार्थ, परंतु मिथेनॉल हे भयंकर विष आहे. तमिळनाडूतील कळ्ळकुरिची येथे जून २०२४ मध्ये मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन साठाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते हेच द्रव्य होय. अल्प मात्रेनेही दृष्टी जाऊ शकते, आणि ते कातडीतूनही शरीरात शिरते. नळी तोंडाने ओढून इंधन काढण्याची सवय कोणालाही लागू देऊ नये, पिचकारीच वापरावी. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. दाबाखालील टाकीची नळी निसटली तर तप्त मफलरवर इंधनाची धार उडते, हे जाणून प्रत्येक उड्डाणापूर्वी नळ्यांचे सांधे ओढून पाहावेत. डिझेल इंजिनाच्या इंधनात ईथर असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते.

याहून मोठा धोका विजेच्या तारांचा. उडविणाऱ्याच्या हातातील तारा पोलादाच्या असतात. विमान उच्च दाबाच्या वीजवाहिनीला, किंवा तिच्या पुरेसे जवळही, गेले तर वीज सरळ हातात उतरते. वादळी ढग जमलेले असताना उड्डाण करणेही तितकेच घातक. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात याचे विशेष भान ठेवावे लागते. मनगटाला अडकवावयाचा सुरक्षापट्टा आणि उड्डाणापूर्वी तारांवर ताण देऊन घेतलेली परीक्षा हे नियम अनुभवी खेळाडूही मोडत नाहीत. जागेचे म्हणाल तर प्रेक्षकांसाठी सोडलेले अंतर धरून किमान ५० मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ हवे. फुटबॉलच्या मैदानात ते मावते. वेलचेरीसारख्या दाटीच्या वस्तीत ते शाळा-महाविद्यालयांच्या मैदानावरच, त्यांच्या अनुमतीने, मिळू शकते.

करून पाहण्याजोगा प्रयोग

विमान किंवा इंजिन नसतानाही या प्रकरणातील मुख्य तत्त्व पडताळून पाहता येते. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी व तळापासून दोन सेंटिमीटर उंचीवर तापलेल्या सुईने छिद्र पाडावे. बाटली पाण्याने भरून, झाकण उघडे ठेवून टेबलाच्या कडेवर ठेवावी. धार किती लांब पडते याची दर अर्ध्या मिनिटाने नोंद करावी. पातळी उतरते तशी धार आखूड होत जाईल. आता झाकणाला भोक पाडून त्यातून एक नळी तळापासून पाच सेंटिमीटरपर्यंत आत सोडावी आणि सांधा मेणाने बंद करावा. या वेळी पातळी नळीच्या टोकाशी येईपर्यंत धार एकाच जागी पडत राहील आणि ती टोकाच्या खाली गेल्यावरच आखूड होऊ लागेल. शेवटी मेण थोडे खरवडून सांध्यातून हवा आत जाऊ द्यावी. धारेचा स्थिरपणा तत्क्षणी नाहीसा होईल.

या तिसऱ्या निरीक्षणाकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. पहिली दोन तत्त्व शिकवितात. तत्त्व पूर्ण समजलेले असूनही केसाएवढ्या फटीने ते कसे निकामी होते, हे तिसरे शिकविते. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाच्या तारा ताठ राहतील की सैल पडतील, हे पुष्कळदा अशा एका फटीवर अवलंबून असते. टाकीला डाग देताना घेतलेली काळजी म्हणूनच उड्डाणाचाच एक भाग मानावयास हवी.